बंद पडली तवा कशी पडली?

विदर्भात पोळा बैलांचा, तान्हा पोळा पोरांच्या लाकडी बैलांचा आणि दसरा गाड्यांचा. दसऱ्याच्या सकाळी कुहीच्या कुठल्याही गल्लीत शिरा, मोटरच्या पाइपाखाली एखादी तरी मोटारसायकल आंघोळीला उभी दिसेल. साबणाचा फेस, जुन्या बनियनचा फडका, चेन घासायला टाकून दिलेला टूथब्रश. पुसून झाली की टाकीवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, त्यावर अक्षता, हँडलला झेंडूचा हार आणि पुढच्या चाकाखाली लिंबू. संध्याकाळी ह्याच गाडीवर बसून सोनं वाटत फिरायचं असतं. त्यामुळे एरवी शंभराचं पेट्रोल टाकणारा माणूसही त्या दिवशी हात सैल सोडतो.

मागच्या दसऱ्याला माझ्या शंभर सीसीच्या जुन्या गाडीला हा सगळा मान मिळाला. मुक्काम कुहीत मित्राकडे होता. घरच्या बैलजोडीला ओवाळावं तसं त्याच्या आईनं माझ्या गाडीला ओवाळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंभोऱ्याला निघालो. वैनगंगेवरचा नवा पूल पाहायचा होता. तीन-चार किलोमीटर गेलो असेन. गाडीनं आचके दिले, खोकली, पुन्हा थोडी ओढली आणि सोयाबीन कापून नेलेल्या एका शेताच्या कडेला उभी राहिली.

मग सगळे करतात तेच मी केलं. किक मारली. चोक ओढून मारली, चोक सोडून मारली, उतरून मारली, बसून मारली. ‘काल धुतली, म्हणजे प्लगमध्ये पाणी गेलं’ हे निदान मी पहिल्याच मिनिटाला केलं आणि पुढचा अर्धा तास ते खरं ठरवण्यात घालवला. प्लगची टोपी काढून रुमालानं पुसली. टूलकिटमधला जास्तीचा प्लग घातला. दमून दहा मिनिटं बांधावर बसलो, उठून किक मारली आणि गाडी एका झटक्यात चालू! प्लगच होता म्हणून मी खूश. कुहीच्या दिशेला वळवली, दीडेक किलोमीटर गेलो आणि पुन्हा तेच आचके, तीच शांतता.

मागून येणाऱ्या एका पोरानं काही न विचारता आपल्या गाडीवरूनच माझ्या फूटरेस्टला पाय लावला आणि मला गावापर्यंत लोटत आणलं. आमच्याकडे ही मदत मागावी लागत नाही.

मिस्त्रीचं दुकान म्हणजे कडुलिंबाखालचं टिनाचं छप्पर. खाली ऑइल पिऊन डांबरासारखी झालेली माती, कार्बोरेटर धुवायला आडवी कापलेली पाण्याची बाटली, तारेला ओवलेल्या जुन्या क्लच प्लेटा. माझ्याआधी तीन गाड्या रांगेत होत्या आणि तिन्हींच्या हँडलला कालचे हार.

“काऊन जी, काय झालं?”

“चालू नाही होत. काल धुतली, पाणी गेलं असेल.”

“ते मी पाहीन. बंद पडली तवा कशी पडली ते सांगा. झटक्यानं का हळूहळू?”

“हळूहळू. आचके देत.”

“थांबून मारली तं लागली होती?”

“हो, एकदा.”

“मंग कितीक चालली?”

“दीड किलोमीटर.”

“टाकी?”

“फुल्ल. कालच भरली.”

“किका किती मारल्या?”

“तीस-चाळीस.”

“काऊन मारल्या?”

ह्या शेवटच्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. त्यानं गाडीला अजून बोटही लावलं नव्हतं. “बसा, चहा घ्या. तुमची पाच मिनिटाची हाय,” म्हणाला आणि रांगेतल्या पहिल्या गाडीकडे वळला.

त्या दुपारी मी तिथेच बसून राहिलो. नंतरही दोन-तीनदा मुद्दाम जाऊन बसलो. हा लेख त्या बसण्यातून आला.

कुहीत गाडी म्हणजे काय

कुही नागपूरपासून चाळीसेक किलोमीटर. तालुक्याचं गाव. एकेकाळी इथून नागपूरला जायला छोटी लाइन होती. इतवारी ते नागभीड ही अडीच फुटी नॅरोगेज १९०८ च्या सुमारास सुरू झाली आणि शंभरावर वर्षं कुही, उमरेड, भिवापूरची माणसं, मिरचीची पोती आणि कॉलेजची पोरं वाहत राहिली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी ती बंद झाली. पुढे २०२१ च्या दिवाळीच्या तोंडावर एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला आणि २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला. रेल्वे नाही आणि एसटीही नाही अशा त्या महिन्यांत इथल्या माणसाला आधार उरला तो दारातल्या मोटारसायकलीचा.

त्यात तालुक्याची दुसरी गोष्ट मिसळलेली आहे. गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. धरण भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ, पण त्याचं पाणी मागे सरकत कुही तालुक्यातल्या कित्येक गावांत शिरलं. गावं उठली, नव्या जागी वसली. घर एकीकडे आणि वाचलेलं शेत दुसरीकडे अशी अनेकांची गत झाली. आंभोऱ्याला वैनगंगा ओलांडून भंडाऱ्याकडे जायचं तर पूल होईपर्यंत नावेशिवाय सोय नव्हती. दोऱ्यांवर तोललेला तो पूल २०२४ मध्ये खुला झाला आणि त्यावरून जास्त करून धावतात त्या दुचाक्याच.

तेव्हा इथली गाडी हौसेची नाही. तिच्यावर युरियाची गोणी येते, फवारणीचा पंप जातो, दुधाच्या कॅना लटकतात. मांढळकडच्या मिरची सातऱ्यावर देठ खुडायला जाणाऱ्या बाईला नवरा सकाळी ह्याच गाडीवर सोडतो. रात्री कोणाला विंचू चावला की मधे रुग्ण आणि मागे धरायला एक जण, अशी तिघांची स्वारी हिच्यावरूनच सरकारी दवाखान्यात पोचते. शहरात गाडी चालू झाली नाही तर माणूस रिक्षा पाहतो. इथे चालू झाली नाही तर मजुरीचा दिवस बुडतो.

आठ मिलिग्रॅमचा संसार

इंजिनाला लागतं ते थोडंच. पेट्रोल हवं, त्यात मिसळायला हवा हवी, ते मिश्रण दाबून धरणारी बंद जागा हवी आणि नेमक्या क्षणी ठिणगी हवी. निकोलाउस ऑटो ह्या जर्मन माणसानं १८७६ मध्ये चार स्ट्रोकचं इंजिन चालवून दाखवलं, तेव्हापासून ह्या यादीत भर पडलेली नाही.

ह्या मागण्या किती बारीक आहेत ते एका हिशेबानं कळतं. आपल्याकडच्या सगळ्यात परिचित शंभर सीसी इंजिनाचा सिलिंडर ५० मिलिमीटर रुंद आणि पिस्टनची चाल ४९.५ मिलिमीटर. गुणाकार केला की ९७.२ घन सेंटिमीटर येतात, म्हणजे टपरीवरच्या कटिंगच्या ग्लासाएवढी जागा. तेवढी हवा वजनानं ग्रॅमच्या नवव्या भागाएवढी. पेट्रोल नीट जळायला त्याच्या साधारण पावणेपंधरा पट हवा लागते. म्हणजे भरून घेतलेल्या एका घोटात पेट्रोल जेमतेम आठ मिलिग्रॅम. एक थेंब चार-पाच फटक्यांना पुरतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मिनिटाला १४०० च्या आसपास फिरतं आणि दर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतं. सेकंदाला बारा वेळा ही मोजणी, हे दाबणं आणि ही ठिणगी जमून यावी लागते.

हे कळलं की गाडी कधीमधी बंद पडते ह्याचं आश्चर्य वाटेनासं होतं. रोज चालू होते ह्याचं मात्र वाटायला लागतं.

कान आधी, पाना नंतर

मिस्त्रीच्या कामाला क्रम आहे. जे फुकटात आणि जागेवर कळतं ते आधी, खोलावं लागतं ते शेवटी. क्रम सोडला की काय होतं ते माझ्या तीस-चाळीस किकांनी दाखवलंच होतं.

रांगेतली पहिली गाडी एका मास्तरांची. सेल्फ मारला की काहीच नाही, टक्कसुद्धा नाही. मिस्त्रीनं हँडलवरचं लाल बटन अंगठ्यानं खटकन फिरवलं, सेल्फ मारला, गाडी चालू. मास्तर ओशाळले. काल पोरं गाडीवर बसून फोटो काढत होती, कोणीतरी ते किल स्विच दाबून ठेवलं. “पैसे काय घेऊ? बटन दाबाचे?” असं म्हणून मिस्त्रीनं त्यांना वाटेला लावलं. आठवड्याला अशी एखादी येतेच म्हणे. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली असला किंवा गिअर पडलेला असला तरी सेल्फ लागत नाही. हे सगळं किल्ली लावल्याबरोबर पाहायचं.

त्यानंतर कान. सेल्फ दाबला आणि ‘टक-टक-टक’ वाजलं की बॅटरी उतरलेली किंवा तिची तार ढिली. पूर्ण शांतता असली की फ्यूज, स्विच किंवा तुटलेली तार. कोठीत उभ्या असलेल्या गाडीची तार उंदरांनी कुरतडलेली असते, आणि धानाचं घर असलं की उंदीर आलेच. इंजिन ‘घुर्रर्र’ करून जोमानं फिरतंय पण पकडत नाही, म्हणजे बॅटरीला दोष देऊ नका, भांडण पेट्रोलचं किंवा ठिणगीचं आहे. विश्रांती घेतलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२ च्या खाली आली की सेल्फचा हट्ट सोडून किक मारावी. जुन्या बऱ्याच शंभर सीसी गाड्यांत ठिणगीची वीज मॅग्नेटमधून थेट मिळते, त्यामुळे बॅटरी मेली तरी त्या किकेवर चालू होतात.

मग तो प्रश्न, ज्यानं मी गोंधळलो होतो. गाडी झटक्यानं, दिव्याचं बटन बंद करावं तशी पडली, तर वीज तुटली. फ्यूज, कॉइल, प्लगची टोपी तिकडे पाहायचं. आचके देत, खोकत, पुन्हा ओढत पडली, तर इंजिन उपाशी मेलं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेवर कुठेतरी अडलं आहे. तापल्यावर पडली आणि थंड झाल्याशिवाय लागत नाही, तर टॅपेट टाइट किंवा कॉइल गरम होऊन दगा देते. वैद्य नाडी धरण्याआधी पेशंटला बोलतं करतो. इथे गाडी बोलत नाही म्हणून मालकाला बोलतं करायचं, आणि मालक नेमकं स्वतःचं निदान सांगायच्या घाईत असतो.

रांगेतली दुसरी गाडी दूधवाल्याची, किका मारून मारून बुडवलेली. प्लग काढला तर पेट्रोलनं ओलाचिंब. त्यानं पेट्रोलचा कॉक बंद केला, प्लग बाहेर ठेवूनच आठ-दहा किका मारून सिलिंडरमधलं पेट्रोल उडवलं, प्लग पुसून बसवला, चोक सोडला, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण पिळून किक मारली. काळा धूर सोडत गाडी उठली. चोक ओढून ठेवून लाथा हाणत राहिलं की हेच होतं. तहानलेल्याला पाणी पाजावं तसं आपण पाजत राहतो आणि तो बुडून मरतो.

प्लग काढला की तो वाचायचाही असतो. टोक चहात बुडवलेल्या बिस्किटाच्या रंगाचं असलं की इंजिनाची तब्येत बरी. कोरडी काळी काजळी असली की पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर धुळीनं चोंदलेला. काळा आणि तेलकट असला की पिस्टनच्या रिंगा संपत आल्या. पांढुरका पडलेला असला की हवा जास्त, पेट्रोल कमी. ठिणगी पाहायची तर प्लग टोपीत घालून त्याचं लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवायचं आणि किक मारायची. निळी, चटचट वाजणारी ठिणगी चांगली. पिवळी, मलूल ठिणगी कामाची नाही. प्लग त्याच्या भोकापासून दूर धरायचा, कारण तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि तो हातानं धरायचा नाही. त्या तारेत दहा हजारांवर व्होल्ट असतात. प्लगची फट गाडीप्रमाणे ०.६ ते ०.९ मिलिमीटर. मिस्त्रीकडे फीलर गेज आहे, पण तो वापरतो तुटलेलं हॅकसॉ ब्लेड. त्याची जाडी ०.६ च्या घरात असते, हे त्याला कोणा पुस्तकानं सांगितलेलं नाही.

पेट्रोल आहे, ठिणगीही आहे आणि तरी गाडी गप्प असली की शेवटचा दरवाजा दाबाचा. प्लगच्या भोकावर अंगठा घट्ट दाबून किक मारायची. अंगठा ‘फट्’ करून उडाला पाहिजे. नुसती फुंकर आली तर भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा पाहायचं. दाब वाढला तर रिंगा झिजल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह बसत नाही. इथपर्यंत आलं की रस्त्यावरचा उपाय संपला, पुढे हेड खोलणंच.

फुस्स

माझी पाळी आली. मिस्त्री पाना न घेताच उठला. टाकीच्या झाकणाला किल्ली लावली, कान जरा खाली नेला आणि मला म्हणाला, “ऐका.”

झाकण उघडलं आणि ‘फुस्स’ असा आवाज झाला. सोड्याची बाटली फोडल्यावर होतो त्याच्या उलटा, हवा आत ओढली गेल्याचा.

“मारा किक.”

मारली. गाडी चालू.

टाकी भरल्यापासून कार्बोरेटरला पेट्रोल जात होतं, आणि जेवढं पेट्रोल खाली जाईल तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणात एक बारीक श्वासाचं भोक असतं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल वरच्या वर अडतं. टाकी काठोकाठ असली की वर हवेची जागाच थोडी, म्हणून पोकळी लवकर धरते. दहा मिनिटं थांबलं की कुठून तरी थोडी हवा झिरपते, कार्बोरेटरची वाटी भरते, गाडी एक-दीड किलोमीटर जाते आणि पुन्हा उपाशी पडते. माझ्या गाडीनं हेच केलं होतं. माझ्या नव्या प्लगचा त्यात काडीचा हात नव्हता. बांधावर मी बसलो म्हणून ती चालू झाली होती.

मिस्त्रीनं झाकण उलटं करून दाखवलं. भोकात ओल्या हळदीकुंकवाचा लगदा वाळून खडा झाला होता, त्यात तांदळाचा एक अर्धा दाणा. त्यानं सुईनं तो कोरून काढला, तोंडानं फुंकर मारली आणि झाकण लावलं. “पाऊसपाण्यात इथं कुंभारीण माशी माती भरते. तुमच्या गाडीत देवाचा परसाद भरला.” कालच मी मित्राच्या आईला म्हटलं होतं, काकू, टाकीवर नीट मधोमध लावा.

दोन वाक्यांत त्याला हे कळलं होतं: हळूहळू पडली, आणि थांबल्यावर लागली. बाकीचे प्रश्न खात्रीसाठी.

खिशातला प्लग आणि लुनाचं पायडल

सुरू न होण्याचा इतिहास मोटारसायकलीएवढाच जुना. डाइमलर आणि मायबाख ह्यांनी १८८५ मध्ये जर्मनीत लाकडी चौकटीची पहिली पेट्रोल दुचाकी केली, तेव्हा तिला ठिणगीचा प्लगसुद्धा नव्हता. बाहेरून ज्योत लावून एक नळी लाल करायची, मग इंजिन पेटायचं. बॉशच्या कारखान्यात १९०२ मध्ये उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला साजेसा प्लग तयार झाला आणि ठिणगीवर भरवसा ठेवता येऊ लागला.

आपल्याकडे हा भरवसा जरा उशिरा आला. पोलंडच्या गाडीवरून बेतलेली राजदूत १९६० च्या दशकात आली. टू-स्ट्रोक असल्यानं पेट्रोलात ऑइल मिसळावं लागायचं. ते जळून प्लग काळा व्हायचा, म्हणून जुने राजदूतवाले शर्टाच्या खिशात पेनाशेजारी जास्तीचा प्लग ठेवत. बुलेटवाल्यांचा वेगळाच विधी. डिकॉम्प्रेसर दाबायचा, अँपिअरच्या काट्याकडे पाहत किक हळूच सरकवायची, काटा मधे आला की अंगाचा भार टाकायचा. चुकलं तर किक उलटी येऊन पोटरी सोलते. १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली. ती तर न चालण्याचा विचार करूनच बनवलेली: पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी या.

मग १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आली आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर. होंडाच्या १९५८ च्या सुपर कबच्या कुळातलं आडवं इंजिन, पॉइंट नाही, ऑइल मिसळायचं नाही, एका किकेत चालू. खेड्यापाड्यांत मोटारसायकल शिरली ती ह्या भरवशावर. पण एक गोष्ट त्याबरोबर निसटली. गाडी रोज रुसत होती तोवर मालकाला तिचा स्वभाव माहीत होता. ती रुसायची थांबली तसा मालक प्लग कुठे असतो हेही विसरला. मिस्त्रीकडे येणाऱ्या विशीतल्या पोरांपैकी किती जणांना पेट्रोलचा कॉक रिझर्व्हवर कसा फिरवायचा ते ठाऊक आहे, हे मी त्या दुपारी मोजायला लागलो होतो. मग सोडून दिलं, कारण वयाच्या पन्नाशीत मीही चाळीस किका मारून आलो होतो.

बाटलीतलं पेट्रोल

हल्ली एक नवं दुखणं वाढलंय असं मिस्त्री म्हणतो: टाकीत पाणी. त्याची कारणं दोन आणि ती एकमेकांत मिसळलेली.

पहिलं कारण बाटली. पंप लांब असला की गावात कुठल्यातरी दुकानात पाण्याच्या बाटलीत पेट्रोल मिळतं. विक्रीसाठी असं ठेवायला परवाना लागतो आणि तो ह्या दुकानांजवळ नसतो. आगीचा धोका तर आहेच, शिवाय बाटली आधी नीट वाळली होती का, हे विचारणारा कोणी नाही.

दुसरं कारण इथेनॉल. २० टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं, ते अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठलं गेलं. नागपूरचे खासदार नितीन गडकरी इथेनॉलचे जुने पुरस्कर्ते, त्यामुळे आमच्या भागात हा विषय चहाच्या टपरीवर दोन्ही बाजूंनी जोरात चालतो. उसाला, मक्याला गिऱ्हाईक मिळालं हे खरं. इथेनॉलमध्ये वजनामागे उष्णता पेट्रोलपेक्षा बरीच कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं हेही खरं. मिस्त्रीला ह्या वादात रस नाही. त्याला दिसतं ते एवढंच, की इथेनॉल पाण्याला धरतं. थोडं पाणी ते पोटात घेतं. प्रमाणाबाहेर झालं की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. कार्बोरेटरची नळी नेमकी तळातून निघते. गाडी पावसाळाभर उभी राहिली, झाकणाच्या खाचेतलं पावसाचं पाणी बाहेर काढणारी बारीक वाट मातीनं बुजली, की काम झालं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि वॉशरही अशा पेट्रोलात फुगतात, चिरतात.

तपासणी सोपी. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू अर्धा फेरा सैल करायचा आणि खाली येईल ते काचेच्या स्वच्छ बाटलीत धरायचं. पाच मिनिटं ठेवा. दोन थर दिसले की टाकी रिकामी करून पुसावी लागणार. काहीच आलं नाही तर नळी, फिल्टर किंवा झाकणाचं भोक. नीट आलं तर पुढे जेट पाहायचा. मंद गतीच्या जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक, त्यात शिळ्या पेट्रोलचा डिंक बसतो. तो तारेनं कोरायचा नाही, भोक मोठं होतं. पेट्रोलात भिजवून हवा मारायची. शंका पंपावरच आली तर फिल्टर पेपर मागायचा आपला हक्क आहे. त्यावर टाकलेला थेंब डाग न ठेवता उडाला पाहिजे. पंपावर त्या दिवसाची घनता लिहिलेली असते. १५ अंशांच्या हिशेबानं ती घनमीटरला ७२० ते ७७५ किलोच्या मधली असावी.

नळी नाही, जेट नाही

१ एप्रिल २०२० ला बीएस-६ चे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. आता टाकीत पंप, पुढे इंजेक्टर, आणि कोणत्या क्षणी किती मिलिग्रॅम सोडायचं ते ठरवणारा एक छोटा संगणक. धूर कमी झाला, सकाळच्या थंडीत चोक ओढण्याची कटकट गेली. पण बॅटरी उतरली की ह्यातल्या कित्येक गाड्या धक्का मारूनही उठत नाहीत, कारण पंपालाही वीज लागते आणि संगणकालाही. काही गाड्यांना किकच नाही.

अशी एक गाडी त्या दिवशी रांगेत तिसरी होती. मालक म्हणाला, घसरून पडलो, लागलं काही नाही, पण तेव्हापासून चालू होत नाही. मिस्त्रीनं किल्ली बंद केली, चार सेकंद थांबला, पुन्हा लावली आणि कान टाकीजवळ नेला. दोन-तीन सेकंद ‘झुंऽऽ’ आवाज आला. “पंप बोलला,” म्हणाला, आणि सेल्फ मारला. गाडी चालू. गाडी आडवी झाली की इंजिन बंद करणारा सेन्सर असतो, किल्ली फिरवली की तो पूर्वपदावर येतो. पंपाचा आवाजच आला नसता तर फ्यूज आणि रिले पाहिला असता. मीटरवरचा पिवळा दिवा किती वेळा लांब आणि किती वेळा आखूड लुकलुकतो ते मोजून दोष ओळखायची सोय बऱ्याच गाड्यांत आहे, त्याचे फोटो त्यानं मोबाइलमध्ये ठेवले आहेत.

त्यापुढे मात्र त्याचा हात अडतो. स्कॅनर महाग, प्रत्येक कंपनीची पिन वेगळी, आणि बिघडलेला भाग उघडून पुसायचा नसतो, बदलायचा असतो. “पयले मी गाडी दुरुस्त करत होतो. आता पार्ट आणून देतो,” असं तो म्हणतो, पण रडगाणं गात नाही. त्याचा पुतण्या आयटीआयला मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड करतोय. आणि मी पाहिलं ते असं, की ह्या नव्या गाडीपुढेही मिस्त्रीचा पहिला प्रश्न तोच होता, “बंद पडली तवा कशी पडली?” स्कॅनर आकडा दाखवतो. पडली तेव्हा गाडी आडवी झाली होती, हे मालकालाच सांगावं लागतं.

वाचकांसाठी

निघताना मी पैसे विचारले. त्यानं वीस रुपये घेतले आणि माझा काढलेला जुना प्लग परत दिला. “चांगला हाय, ठेवा.”

तेव्हा दिवाळीत गावी जाणाऱ्यांनी एवढं करावं. सीटखाली प्लगपाना, एक चालू प्लग, दोन फ्यूज आणि एक सुई ठेवा. गाडी बंद पडली की आधी लाल बटन पाहा, मग टाकी हलवून पेट्रोल पाहा, मग झाकण एकदा उघडून ‘फुस्स’ होतं का ते ऐका. पाच किकांत लागली नाही तर सहावी मारू नका. बाजूला उभे राहा आणि कशी पडली ते आठवा, मिस्त्रीला पहिलं तेच सांगायचं आहे. आणि पाडव्याला गाडीची पूजा कराल तेव्हा कुंकू टाकीच्या अंगावर लावा, झाकणावर लावू नका.